घराचा नकाशा कोणी काढावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यकारी मंडळाने आम्हांस दिले, तेव्हा एखादा वाङ्मयीन अथवा ऐतिहासिक विषय आम्ही घेऊ अशी अनेकांची अपेक्षा होती. तथापि आज कोणाही ज्ञातिबांधवाच्या घरी जावे, तर चहाचा पेला हाती येण्यापूर्वीच जो विषय निघतो, तो टाळून दुसरीकडे वळणे आम्हांस प्रशस्त वाटेना. लग्नाच्या मांडवात, मुंजीच्या पंक्तीत, फार काय तेराव्याच्या जेवणालाही प्रश्न एकच, 'तुमच्या इमारतीचे कुठवर आले?' गिरगाव, दादर, माहीम, परळ या आपल्या जुन्या वसतिस्थानांत गल्लीगणिक पत्र्याचे कुंपण उभे आहे, आणि त्यामागे एक तरी यंत्र जुनी भिंत पाडीत आहे.

विषयाची निकड आणखी एका कारणाने वाढली आहे. आपल्या मंडळाच्या वाडीसंबंधी दोन विकासकांचे प्रस्ताव आले आहेत, आणि त्यांचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत आपणा सर्वांस करावयाचा आहे. वाडीतील भाडेकरू बहुतांशी आपलेच सभासद, आणि मालक आपलेच मंडळ. म्हणजे या व्यवहारात दोन्ही बाजूंस आपणच आहोत. म्हणून आजचे बोलणे केवळ माहितीसाठी नाही, हे प्रथमच सांगून टाकतो.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. जुन्या चाळीच्या आठवणींनी गहिवरून येणारांपैकी आम्ही नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, मजल्याच्या टोकाला सामाईक शौचकूप, पहाटे चारला येणारे पाणी, आणि घरात आजारी माणूस असले की बाकीच्यांनी गॅलरीत पथाऱ्या पसराव्या, हे सारे ज्यांनी भोगले आहे, त्यांना चाळीचे काव्य कोणी ऐकवू नये. विशेषतः आपल्या भगिनींना तर मुळीच ऐकवू नये, कारण त्या काव्याची किंमत त्यांनी मोरीतल्या आडोशात मोजली आहे. शिवाय जुन्या वास्तू आता खरोखरच थकल्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारानजीकची हुसैनी इमारत कोसळून ३३ जीव गेले. टेकू लावलेल्या घरात मुलाबाळांना झोपवून आपण वारशाच्या गोष्टी करणे शोभत नाही. सारांश, जुने पाडावे की न पाडावे हा आमचा प्रश्नच नाही. पाडल्यावर जे उभे राहील, त्याचा नकाशा कोणी काढावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि पाहता पाहता सारे शहर ओस पडू लागले. त्या आपत्तीतून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढावयाचे, हवा खेळेल अशी घरे बांधावयाची आणि शहराच्या उत्तरेस नव्या वसाहती वसवावयाच्या, हे त्याचे कार्य होते. आज ज्यांना आपण दादरची हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी म्हणतो, त्या त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतून निर्माण झाल्या. कष्टकऱ्यांसाठी बांधलेल्या बीआयटी चाळीही त्याच्याच. त्यांपैकी परळच्या चाळीत डॉ. आंबेडकरांचे कित्येक वर्षे वास्तव्य होते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. या ट्रस्टने घरे जेवढी पाडली तेवढी बांधली नाहीत, असा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे, आणि तो निराधार नव्हता.

परंतु त्या ट्रस्टच्या कारभारातील एक गोष्ट आज मुद्दाम स्मरण्यासारखी आहे. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी खोलीतील उजेडाविषयी एका नियमाचा फार आग्रह धरला. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. नाव भूमितीचे असले तरी अर्थ सोपा आहे. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे नजर नेली, तर ती रेषा साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढू नये. याचा हिशेब असा की, समोरची इमारत जितकी उंच असेल, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे असावे. चाळीस फूट उंचीस वीस फूट मोकळी जागा. हिंदू कॉलनीच्या जुन्या गल्ल्यांत दुपारी तीन वाजताही तळमजल्याच्या खोलीत दिवा न लावता वाचता येते, हा योगायोग नव्हे. कोणीतरी ते मोजून ठेवले होते. हाच हिशेब बावीस मजल्यांच्या मनोऱ्यास लावून पाहा. उंची सुमारे दोनशे दहा फूट धरली, तर समोर एकशे पाच फूट मोकळे हवे. आज पुनर्विकासात दोन मनोऱ्यांमधील अंतर किती असते, ते आपण संमेलनाहून घरी परतताना स्वतःच पाहावे. मोकळ्या जागेतील न्यूनता महापालिकेकडे अधिमूल्य भरून माफ करून घेता येते. पैसे विकासक भरतो, त्याची सवलत त्याला मिळते, आणि अंधार खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या वाट्यास येतो.

आता आपणांस विशेष जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे वळतो. घरबांधणी आणि ज्ञातिसंस्था यांचा संबंध या शहरात फार जुना आहे. गामदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली. आपल्या देशातील सहकारी गृहरचनेचा प्रारंभ तिच्यापासून मानला जातो. तिचे प्रवर्तक रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या ज्ञातीतील तरुण कारकुनी व शिक्षकी पेशासाठी मुंबईस येत, आणि त्यांना परवडेल असे धड घर मिळत नसे. तेव्हा कोणा धनिकाच्या दारी न जाता त्यांनी भागभांडवल जमविले, जागा मिळविली आणि आपली घरे आपण बांधली. ज्यांना त्या घरांत राहावयाचे होते, त्यांच्याच संस्थेच्या हाती त्या घरांचा निर्णय होता. पुढे अनेक ज्ञातींनी हाच मार्ग धरला. आपली वाडीही त्याच परंपरेतील आहे.

येथे एक बाजूचा विचार सांगितल्यावाचून राहवत नाही. अशा वसाहती एकेका ज्ञातीपुरत्या असणे त्या काळी अपरिहार्य असेल. परघरी भाड्याने जागा मागितली तर आधी आडनाव विचारले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा मान्य केली, हेही खरे. परंतु कायद्याने जे चालते ते सर्व आजच्या दिवसांत शोभतेच असे नाही. वाडीच्या नव्या इमारतीत बाहेरचे लोक येतील म्हणून जे सभासद चिंतित आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, आपली मुलेही आज पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत परक्यांच्या शेजारी राहत आहेत आणि सुखाने राहत आहेत. चिंता करावयाची तर ती वेगळ्याच गोष्टीची करावी, आणि तिच्याकडेच आता येतो.

१९१५ साली नकाशा आपल्या हाती होता, तो निसटला कसा? त्याचे कारण एका सद्हेतूच्या कायद्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस रस्त्यावर येण्यापासून त्या कायद्याने वाचविले, यात शंका नाही. परंतु पुढे सिमेंट, लाकूड, मजुरी सारे वाढत गेले आणि भाडे मात्र दहा-पंधरा रुपयांवर उभे राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने आशा सोडली. पागडीच्या व्यवहाराने दोघांमध्ये एक तिसरेच नाते निर्माण केले. अखेर शासनास १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा करून उपकर बसवावा लागला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती सुमारे साडेएकोणीस हजार मोजल्या गेल्या. दुरुस्ती मंडळाने टेकू दिले, तुळया बदलल्या, गिलावा केला; परंतु शंभर वर्षांच्या सागवानास किती काळ आधार द्यावयाचा?

मग आला चटई क्षेत्र निर्देशांक. या शब्दाने अनेक सभासदांच्या मनात घोटाळा होतो, म्हणून दोन शब्दांत सांगतो. एक हजार चौरस मीटरचा भूखंड असून निर्देशांक तीन असेल, तर त्यावर सर्व मजले मिळून तीन हजार चौरस मीटर बांधता येते. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात निर्देशांक तीन, किंवा रहिवाशांच्या पुनर्वसनास लागणारे क्षेत्र अधिक प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते मिळते. रहिवाशास किमान ३०० चौरस फुटांचे घर विनामूल्य व मालकीहक्काने मिळते आणि वरचे क्षेत्र विकून विकासक आपला खर्च व नफा काढतो. पूर्वी यासाठी सत्तर टक्के रहिवाशांची संमती लागे. आता निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे एक्कावन्न टक्के पुरते. या व्यवस्थेत रहिवाशाच्या पदरचा पैसा जात नाही. त्यामुळे नकाशासंबंधी विचारण्याचा आपल्याला अधिकारच नाही, अशी त्याची समजूत होऊन बसते. वास्तविक तो आपला हक्क आणि आपली जमीन देत असतो. फुकट असे येथे कोणालाच काही मिळत नाही.

परिणाम असा की, सभांतून एकच प्रश्न ऐकू येतो, 'किती फूट देणार?' एका विकासकाने पन्नास फूट अधिक देऊ केले की आधीचा मागे पडतो. खिडकी कोणत्या दिशेस, स्वयंपाकघरात वारा कोठून येणार, जिना किती रुंद, म्हातारीस बसावयास जागा कोठे, हे कोणी विचारीत नाही. मग जे बांधले जाते ते आपण पाहतोच. विक्रीचा मनोरा समुद्राकडे अथवा रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो, आणि पुनर्वसनाची इमारत मागे, त्याच्या सावलीत. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंस दारे, बोळात दिवसाही विजेचा दिवा. पहिले पाच-सहा मजले मोटारींचे. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्यास माणूस दिसत नाही, आणि वरून पाहणाऱ्यास रस्ता.

चाळीच्या गॅलरीविषयी आता दोन शब्द. गॅलरी म्हणजे केवळ ये-जा करण्याची वाट नव्हती. उघड्या बाजूने वारा व उजेड घरात येई, आणि पुढे काढलेल्या छपरामुळे पावसाचा झोत भिंतीवर येत नसे. पापड तेथे वाळत, मुले तेथे पाढे म्हणत, आणि एखाद्या घरी दुपारी दार उघडले नाही तर शेजारणीच्या ते लक्षात येई. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो काही आकाशातून उतरला नाही. मधला चौक आणि त्याभोवतीच्या गॅलऱ्या हे त्याचे सभागृहच होते. दारे बंद असणाऱ्या बोळात तो कोठे उभा राहिला असता?

शिवाजी पार्कच्या भोवतीच्या १९३० व १९४० च्या दशकांतील इमारतींनी हीच गोष्ट मध्यमवर्गीय रीतीने साधली होती. तीन मजल्यांची उंची, वळणदार सज्जे, खिडकीवर पुढे आलेली काँक्रीटची पट्टी, जाळीत उगवत्या सूर्याची नक्षी. त्याच धर्तीच्या मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाकडील इमारतींची २०१८ साली जागतिक वारसायादीत नोंद झाली. दादर-माहीमच्या इमारतींना मात्र वेगळे नशीब लाभले. २०१२ साली शिवाजी पार्क परिसर महापालिकेच्या वारसायादीत घेण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हा प्रखर विरोध केला तो तेथील रहिवाशांनीच. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु वारसा म्हणून शिक्का मारावयाचा आणि दुरुस्तीचा खर्च रहिवाशावर टाकावयाचा, हा न्याय कोणता? खिडकीवरील ती पट्टी ऊन व पाऊस दोन्ही अडवीत होती. आता तेथे सपाट काच आली आहे, आणि काचेमागे वातानुकूलन यंत्र अहोरात्र चालू आहे. त्याचे वीजबिल कोणताही वारसाप्रेमी भरावयास येत नाही, विकासकही येत नाही.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर तो पुरा करू. चाळीत महिन्यास शंभर-दोनशे रुपये भरणाऱ्या वृद्ध दांपत्यास मनोऱ्यात उद्वाहन, पाण्याचे पंप, अग्निशमन व्यवस्था, पहारेकरी यांपोटी हजारो रुपये मासिक देणे येते. करारातील कायम निधीचे व्याज काही वर्षे पुरते. पुढे खर्च वाढतो आणि व्याज तेवढेच राहते. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस मालमत्ता कर माफ आहे. म्हणून 'अधिक फूट' मागताना पाचशेची रेषा ओलांडल्यास कर सुरू होतो, हेही ध्यानात असावे. आम्हांस खरी चिंता वाटते ती या खर्चाची. ज्ञातीची माणसे परक्यांमुळे वाडी सोडून जाणार नाहीत; ती जातील ती मासिक देण्यामुळे. आपल्या सभासदसूचीतील पत्ते चाळून पाहावे. गिरगाव-दादरचा पत्ता खोडून डोंबिवली, बदलापूर, विरार असे किती ठिकाणी लिहिलेले आढळते! त्यांतील काहींनी घर विकून मुलांचे शिक्षण केले, लग्ने केली. त्यांचा निर्णय त्यांच्यापाशी. परंतु घर मिळूनही ज्यांना ते ठेवणे झेपले नाही, त्यांच्यासाठी आपण काय केले?

यावर दोन उदाहरणे आपल्यापुढे आहेत. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातील, खोली १६० चौरस फुटांची. तेथील ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथे जमीन शासनाची आणि बांधणी म्हाडाची. तो मार्ग आपणांस उपलब्ध नाही. दुसरे उदाहरण भेंडीबाजाराचे. दाऊदी बोहरा समाजाच्या विश्वस्त संस्थेने २००९ पासून साडेसोळा एकरांतील सुमारे अडीचशे इमारतींचा एकत्रित पुनर्विकास हाती घेतला आहे. आरंभीचे मनोरे उभे राहण्यास दशकाहून अधिक काळ लागला, हे विसरता येत नाही. आणि वर जिचा उल्लेख केला ती हुसैनी इमारतही याच योजनेतील होती. तरीही नफा काढून निघून जाणाऱ्याच्या हाती वस्ती न देता समाजसंस्थेने स्वतः उत्तरदायित्व घेतले, ही गोष्ट लहान नव्हे.

आपली वाडी काही साडेसोळा एकरांची नाही. परंतु एका बाबतीत आपण इतर पागडीच्या इमारतींहून भाग्यवान आहोत. अन्यत्र मालक एका टोकास आणि भाडेकरू दुसऱ्या टोकास असतो, आणि दोघांच्या भांडणात विकासकाचे फावते. येथे तसे नाही. भाडेकरूंची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापावी, मंडळाने जमिनीचा हक्क तिच्याशी करार करून द्यावा, आणि संस्थेने वास्तुविशारद व कंत्राटदार स्वतः नेमून काम करावे. यास स्वयंपुनर्विकास म्हणतात. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने अशा सहकारी संस्थांस सवलती देऊ केल्या आहेत, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने या कामासाठी कर्जेही दिली आहेत. मंडळ सार्वजनिक न्यास असल्यामुळे जमिनीच्या कोणत्याही हस्तांतरास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल. ती विकासकास जमीन देतानाही लागलीच असती. म्हणून ती अडचण म्हणून पुढे करणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही.

हा मार्ग कष्टाचा आहे. पाच-सात माणसांना तीन-चार वर्षे आपला रविवार द्यावा लागेल. मधल्या काळात बिऱ्हाडांनी कोठे राहावे, कर्जाचे व्याज कसे भागवावे, विक्रीची घरे वेळेवर विकली न गेल्यास काय, या शंका रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे आकड्यांत मिळाल्यावाचून कोणी हात वर करू नये. तथापि विकासकाचा जो नफा असतो तो आपल्याच हाती राहिला, तर त्यातून कायम निधी मोठा ठेवता येतो, आणि वृद्ध सभासदांचे मासिक देणे कमी करता येते. मनोरा न बांधता मध्यम उंचीची इमारत, मध्ये चौक, एका बाजूने उघडा सज्जा, तळमजल्यावर सभागृह आणि गावाहून शिकावयास येणाऱ्या मुलामुलींच्या दहा-बारा खोल्या, हे सारे निर्देशांकात बसते की नाही, याचा हिशेब कोणी मांडलेलाच नाही. आलेल्या दोन्ही प्रस्तावांत फुटांचे कोष्टक आहे. नकाशा एकातही नाही.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती अशी की, दोन्ही प्रस्तावांवरील मतदान पुढील सर्वसाधारण सभेत घेऊ नये. आधी एखाद्या वास्तुविशारदास मंडळाच्या खर्चाने वाडीचा मोजणी-नकाशा व दोन पर्यायी आराखडे करावयास सांगावे. ज्या सभासदांची घरे यापूर्वी पुनर्विकासातून गेली आहेत, त्यांनी आपल्या कराराची प्रत व सध्याचा मासिक खर्च मंडळाच्या कचेरीत कळविल्यास ती माहिती सर्वांस छापून वाटता येईल. वाडीचा जुना, मूळ बांधणीच्या वेळचा नकाशा कचेरीच्या कपाटात सापडला. त्याची मोठी प्रत बाजूच्या दालनातील मेजावर मांडली आहे, आणि तीवर प्रत्येक खिडकीची दिशा दाखविली आहे. मध्यंतरात सर्वांनी ती अवश्य पाहावी. तेथे आम्ही हजर राहू. ज्यांना शंका असतील त्यांनी तेथेच विचाराव्या.